चालू म्हणजे नक्की काय: स्कॅनिंगच्या संगणकावर शेफर्ड बसवल्याच्या नोंदी

काम असं आहे. गावच्या वाचनालयाची जुनी छापील सूचिपत्रं आणि वार्षिक अहवाल आम्ही स्कॅन करतो आहोत. स्कॅन झालेलं पान एका फोल्डरमध्ये पडतं, टेसरॅक्ट त्यातला मराठी मजकूर ओळखतो, तो पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जातो आणि मग कुणीतरी बसून चुका सुधारतं. कोणतं पान झालं, कोणतं राहिलं ही रांग रेडिस सांभाळतो. म्हणजे पाठीमागे कायम सुरू राहायला हव्यात अशा चार-पाच प्रोसेस (चालते प्रोग्राम). आजवर त्या मी एका शेल स्क्रिप्टमधून नोहप (टर्मिनल बंद झालं तरी प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड) लावून सोडून द्यायचे. डिसेंबरमध्ये ती स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली, दोन वर्कर (टेसरॅक्ट चालवणाऱ्या प्रोसेस) एकाच फोल्डरवर बसले आणि दीडशे पानांचा मजकूर एकमेकांत मिसळला. ते निस्तरण्यात दोन रविवार गेले.

शेफर्ड हा अशा प्रोसेस सुरू करणारा, त्यांच्यावर नजर ठेवणारा आणि बंद करणारा प्रोग्राम. डेबियनमध्ये असतोच त्या सिस्टिमडीच्या युजर युनिट्सनीही (एका युजरपुरत्या सर्व्हिसच्या फाइलींनी) हे काम झालं असतं, हे आधीच सांगते. शेफर्ड घेतला तो एकाच कारणासाठी. तो गाइल स्कीम या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे आणि त्याची कॉन्फिग फाइलसुद्धा स्कीमच असते. तिथे सर्व्हिस, म्हणजे शेफर्ड सांभाळतो ते एकेक काम, ही एक व्हॅल्यू असते. फंक्शनमधून परत करा, लिस्टवर मॅप करा (प्रत्येक घटकाला तेच फंक्शन लावा). आमच्याकडे पानांचा ढीग कधी मोठा, कधी लहान. वर्करची संख्या त्याप्रमाणे बदलते. मला नेमकं हेच हवं होतं.

यंत्र: चार कोअरचा जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, डेबियन १२ (लिनक्स).

शनिवार, ११ जानेवारी २०२५

डेबियनवर गीक्स हा पॅकेज मॅनेजर बसवून त्यातून शेफर्ड घेतला. गीक्स पुल संपायला जवळजवळ दोन तास लागले आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा अडीच जीबी डेटा गेला. हे घरून करून यायला हवं होतं. शेफर्डची १.० आवृत्ती गेल्याच महिन्यात आली आहे, तीच वापरते आहे.

शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, आणि त्याला हुकूम द्यायची कमांड हर्ड, म्हणजे कळप. हर्ड स्टार्ट, हर्ड स्टॉप, हर्ड स्टेटस. एवढं कळलं की निम्मं मॅन्युअल वाचून झालं.

पहिली सर्व्हिस रेडिसची केली, सोपी म्हणून. डेबियनची रेडिस कॉन्फिग उचलली, पोर्ट आणि डेटाची जागा बदलली, मेक-फोर्कएक्झेक-कन्स्ट्रक्टरला (प्रोग्राम सुरू करण्यासाठीचं शेफर्डचं फंक्शन) कमांड दिली, रिस्पॉन (मेला तर पुन्हा सुरू करणं) चालू ठेवलं. हर्ड स्टार्ट रेडिस. दोन सेकंदांत शेफर्डच्या लॉगमध्ये पाच वेळा पुन्हा सुरू केल्याच्या ओळी आणि शेवटी सर्व्हिस डिसेबल केल्याचा निरोप. इकडे रेडिसला पिंग केलं तर पाँग आलं! शेफर्डच्या लेखी रेडिस मेलेला, माझ्यासमोर तो जिवंत.

कारण सापडायला तास गेला. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये डीमनाइझ यस असतं, म्हणजे पाठीमागे जाऊन चाल. रेडिस सुरू होताच स्वतःला फोर्क करतो (स्वतःची प्रत काढतो), मूळ प्रोसेस संपते आणि खरा रेडिस वेगळ्या पीआयडीने (प्रोसेसच्या क्रमांकाने) पुढे चालतो. शेफर्ड मूळ पीआयडीवर नजर ठेवून होता. तो संपला म्हणून त्याने दुसरा रेडिस सुरू केला, त्याला पोर्ट मोकळं मिळालं नाही, तोही संपला. सात सेकंदांत पाच वेळा असं झालं की शेफर्ड नाद सोडतो. ही मर्यादा बदलता येते, पण बदलू नका. तिने मला वाचवलं.

उपाय: डीमनाइझ नो. उंडारलेला रेडिस हाताने बंद केला, हर्ड एनेबल, मग हर्ड स्टार्ट. डिसेबल झालेली सर्व्हिस आधी एनेबल करावी लागते, हे विसरून आणखी दहा मिनिटं गेली.

रविवार, १२ जानेवारी

आज पोस्टग्रेस. डेबियन स्वतःचं पोस्टग्रेस बसवतानाच ५४३२ पोर्टवर सुरू करून ठेवतो. ते बंद केलं. मूळ प्रोग्राम नेहमीच्या पाथमध्ये नसतो, यूएसआर-लिबमधल्या पोस्टग्रेसक्यूएल, १५, बिन असा शोधत जावा लागतो. डेबियनच्या बांधणीत सॉकेटची (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या फाइलची) जागा व्हार-रनमध्ये ठरलेली आहे आणि साध्या युजरला तिथे लिहिता येत नाही. सॉकेट डिरेक्टरी माझ्या होममध्ये वळवली. इथवर पाऊण तास.

मग स्वतःच खड्डा खणला. कालच्या रेडिसवरून धडा घेऊन ठरवलं की प्रत्येक सर्व्हिसला पीआयडी फाइल (जिच्यात प्रोग्राम आपला पीआयडी लिहितो) द्यायची, म्हणजे शेफर्डची नजर चुकीच्या प्रोसेसवर जाणार नाही. पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरमध्ये पोस्टमास्टर डॉट पीआयडी असतेच, तीच दिली. पोस्टग्रेस व्यवस्थित सुरू व्हायचा, पाच सेकंद चालायचा आणि शेफर्ड त्याला अपयशी ठरवून मोकळा. असं चारदा.

शेवटी ती फाइल उघडून पाहिली. पहिल्या ओळीत पीआयडी, पण खाली डेटा फोल्डर, सुरू झाल्याची वेळ, पोर्ट आणि आणखी बरंच. शेफर्ड पूर्ण फाइल वाचून तिचा एक आकडा करायला बघतो. आकडा होत नसेल तर लिहिणं अजून चालू असेल असं समजून थांबतो, आणि पाच सेकंदांनी हार मानतो. त्याचं वागणं बरोबर आहे, फाइलच त्याच्यासाठी नव्हती. पोस्टग्रेसमध्ये एक्स्टर्नल पीआयडी फाइल नावाची सेटिंग आहे, ती फक्त आकडा असलेली वेगळी फाइल लिहिते. ती दिल्यावर लगेच जमलं. आजचे एकूण तीन तास.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

संध्याकाळी तासभरच. परीक्षा म्हणून रेडिसला मुद्दाम किल केलं. रिस्पॉन चालू असूनही तो परत उठला नाही. हर्ड स्टेटस त्याला चालूच दाखवत होता.

इनिट फाइलमध्ये (शेफर्डच्या कॉन्फिगमध्ये) मी आधी सर्व्हिसेस नोंदवल्या, मग सुरू केल्या आणि सगळ्यात शेवटी रूट सर्व्हिसची डीमनाइझ कृती लावली, म्हणजे शेफर्ड स्वतः पाठीमागे जाईल. चूक तीच. शेफर्ड फोर्क झाला की आधी सुरू केलेल्या प्रोसेस त्या जुन्या, संपलेल्या शेफर्डच्या पोटच्या ठरतात. त्या मेल्याची खबर नव्या शेफर्डला मिळत नाही. क्रम असा हवा: नोंदणी, डीमनाइझ, मगच सुरू करणं. मॅन्युअलमध्ये ही सूचना आहे, मी वाचलीही होती. एक ओळ वर सरकवली आणि काम झालं.

शनिवार, १८ जानेवारी

आजची नोंद लांब आहे. सुरू करण्याबद्दल सगळे लिहितात. माझा जीव घाबरा झाला तो बंद करताना.

दुपारी हर्ड स्टॉप पोस्टग्रेस केलं. पाच-सहा सेकंदांनी बंद झालं. पुन्हा सुरू केलं तर पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये ओळ: डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, आपोआप रिकव्हरी सुरू आहे. तोवर साडेतीन हजार पानांचा मजकूर आत गेलेला. रिकव्हरी पूर्ण झाली, एकही ओळ गेली नाही, पण ती वीस सेकंदं मी खुर्चीवरून उठून उभीच होते.

मी तर शहाण्यासारखं बंद केलं होतं, मग असं का? पोस्टग्रेसचा आधीचा लॉग वाचला. त्याला सिगटर्म, म्हणजे बंद हो असं सांगणारा सिग्नल, मिळाला होता. सिगटर्मचा पोस्टग्रेस लावतो तो अर्थ असा: नवीन कनेक्शन घेऊ नको, जोडलेले लोक आपणहून जाईपर्यंत वाट बघ. याला तो स्मार्ट शटडाउन म्हणतो. दुसऱ्या टर्मिनलमध्ये माझं एक पीएसक्यूएल (पोस्टग्रेसशी बोलायचा प्रोग्राम) सकाळपासून उघडं होतं. पोस्टग्रेस त्याची वाट बघत बसला. शेफर्डची सबुरी मुळात पाच सेकंदांची; ती संपल्यावर तो सिगकिल (तिथल्या तिथे मारणारा सिग्नल) पाठवतो. दोघंही आपापल्या नियमाने वागले आणि डेटाबेसचा गळा मध्ये सापडला.

पोस्टग्रेसला सिगइंट दिला तर फास्ट शटडाउन होतो: जोडलेल्यांना काढून टाकतो, अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे घेतो, डिस्कवर नीट लिहून बंद होतो. मला हवं होतं ते हे. मेक-किल-डिस्ट्रक्टरला (प्रोग्राम बंद करण्यासाठीचं शेफर्डचं फंक्शन) सिगइंट आणि साठ सेकंदांची ग्रेस पीरियड दिली. नंतर तीन पीएसक्यूएल मुद्दाम उघडे ठेवून पाच वेळा बंद-चालू केलं. प्रत्येक वेळी दोन सेकंदांच्या आत, रिकव्हरीशिवाय.

मग टेसरॅक्टच्या वर्करकडे वळले. आमचं एक दाट छपाईचं पान व्हायला आठ-नऊ सेकंद लागतात, म्हणजे पाच सेकंदांची सबुरी इथेही अपुरी. त्याला वीस सेकंद दिले. शिवाय मजकूर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून, पूर्ण झाल्यावरच नाव बदलायचं, असा बदल वर्करमध्ये केला. अर्धं पान आता कुठेच दिसत नाही.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळं विचारावं: हा कोणत्या सिग्नलवर नीट बंद होतो, आणि त्याला किती वेळ लागतो? सगळ्यांना एकच डिस्ट्रक्टर लावून पुढे जाऊ नका.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी आल्यावर वीज गेली. यूपीएसची बॅटरी दोन मिनिटंही टिकली नाही. वीज आल्यावर संगणक उठला, मी शेफर्ड सुरू केला, आणि चारही वर्कर डिसेबल!

या वेळी रिकव्हरीची वाजवी गरज होती आणि तिला वीसेक सेकंद लागले. पण एक्स्टर्नल पीआयडी फाइल पोस्टग्रेस रिकव्हरीच्या आधीच लिहितो. फाइल दिसताच शेफर्डने पोस्टग्रेस चालू असं मांडलं, त्यावर अवलंबून असलेले वर्कर सोडले. त्यांना उत्तर मिळालं, डेटाबेस सुरू होतो आहे. वर्कर आपटले, पुन्हा उठले, पुन्हा आपटले, आणि सात सेकंदांत पाचची मर्यादा गाठली.

वाचनालयातले काका दारातून विचारतात, "काय गं, चालू झालं का?" त्यांना म्हणायचं असतं की पान टाकलं तर मजकूर येईल का. शेफर्डला फक्त प्रोसेस आहे का एवढंच ठाऊक. काकांचा चालू आणि शेफर्डचा चालू यांच्यातलं अंतर मलाच भरून काढायचं होतं.

पोस्टग्रेस-तयार नावाची वेगळी वन-शॉट (एकदाच चालून संपणारी) सर्व्हिस केली. तिची गरज पोस्टग्रेस, आणि वर्करची गरज ती. आत एक छोटी स्क्रिप्ट: पीजी-इजरेडी (पोस्टग्रेस कनेक्शन घ्यायला तयार आहे का ते सांगणारी कमांड) दर सेकंदाला विचारते, साठ वेळा.

पहिला प्रयत्न फसला. सवयीने इथेही मेक-फोर्कएक्झेक-कन्स्ट्रक्टरच लावला होता. तो स्क्रिप्ट सुरू करून लगेच पीआयडी परत देतो. पीआयडी म्हणजे खरं मूल्य, म्हणून वन-शॉट त्याच क्षणी यशस्वी, आणि वर्कर पुन्हा आपटले. स्टार्टच्या जागी साधं लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) दिलं, त्यात स्पॉन-कमांडने स्क्रिप्ट चालवली आणि तिचा निकाल शून्य आहे का ते परत केलं. स्पॉन-कमांड प्रोग्राम संपेपर्यंत थांबते, पण बाकी शेफर्डला अडवत नाही. हे महत्त्वाचं आहे. शेफर्ड फायबर्सवर (एकाच प्रोसेसमधल्या हलक्या, आलटून-पालटून चालणाऱ्या कामांवर) चालतो, फायबर्स एकमेकांना वाट करून देतात म्हणून सगळं चालतं. स्टार्टमध्ये अडवणारा कोड लिहिला तर हर्डसुद्धा उत्तर देणार नाही.

वन-शॉट यशस्वी झाली की लगेच बंद म्हणून नोंदली जाते. आधी हे विचित्र वाटलं, पण फायद्याचं निघालं: वर्कर पुन्हा सुरू केला की ती तपासणी पुन्हा होते.

यूपीएसला नवी बॅटरी: १,४०० रुपये.

शनिवार, २५ जानेवारी

ज्यासाठी स्कीम घेतली ते आज. वर्कर-सर्व्हिस नावाचं फंक्शन: क्रमांक घ्यायचा, सर्व्हिस परत द्यायची. त्याला एक ते चारच्या लिस्टवर मॅप केलं आणि आलेली लिस्ट रजिस्टर-सर्व्हिसेसला दिली. हर्ड स्टेटसमध्ये एकच वर्कर.

फंक्शनमध्ये क्रमांक कमांडला जोडला होता, नावाला जोडायचं राहिलं होतं. चौघांचं नाव तेच. शेफर्डमध्ये त्याच नावाची सर्व्हिस पुन्हा नोंदवली आणि आधीची बंद असेल, तर नवी तिची जागा घेते. चूक म्हणून काही सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ही चूक नाही, कॉन्फिग पुन्हा लोड करण्याची हीच रीत आहे. आधीची चालू असेल तर ती पुढच्या वेळी बंद झाल्यावर बदलली जाते. नावात क्रमांक जोडला, स्ट्रिंगचं सिंबलमध्ये रूपांतर केलं, चार वर्कर उभे राहिले.

मग वर्करना टेसडेटा-प्रीफिक्स (टेसरॅक्टच्या भाषांच्या फाइली कुठे आहेत ते) हवा म्हणून एन्व्हायर्नमेंट-व्हेरिएबल्सला ती एक ओळ असलेली लिस्ट दिली. वर्करना पायथॉन सापडेना. दिलेली लिस्ट मूळ एन्व्हायर्नमेंटमध्ये मिसळत नाही, ती त्याची जागा घेते. पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे) गेला, लँग (भाषा) गेला. डिफॉल्ट-एन्व्हायर्नमेंट-व्हेरिएबल्सच्या पुढे कॉन्स करून (लिस्टच्या सुरुवातीला) जोडायचं.

चार वर्करचा वेग मात्र एकापेक्षा जेमतेम जास्त. टेसरॅक्ट स्वतःच अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे धागे) वापरतो, आणि चार कोअरवर असे चार बसले की एकमेकांच्या अंगावर चढतात. ओएमपी-थ्रेड-लिमिट एक केलं. सकाळी तासाला साडेआठशे पानं होत होती, संध्याकाळी सोळाशेच्या वर. पूर्ण महिन्यातला सगळ्यात स्वस्त बदल.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर बसले. संगणक सुरू होताच शेफर्ड आपोआप उठावा म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ॲट-रीबूट लावलं. रीबूट केलं. वर्कर बंद. लॉगमध्ये लिहिलं होतं की अमुक फोल्डर सापडत नाही, आणि फोल्डरच्या नावाच्या जागी नऊ प्रश्नचिन्हं.

फोल्डरचं नाव सूचिपत्रे. डोळ्याला अक्षरं चार दिसतात, पण स, ऊकार, च, इकार, प, त, हलन्त, र, एकार असे युनिकोडचे नऊ तुकडे. नऊ मोजल्यावर खात्री पटली की नाव पोहोचलं होतं, गाइलला ते बाहेर लिहिता आलं नव्हतं. टर्मिनलमध्ये माझा लोकेल (भाषा आणि लिपीची सेटिंग) मराठीचा असतो. क्रॉनमध्ये लँग नाही, गीक्सच्या प्रोग्रामना लोकेल कुठे आहेत ते सांगणारा गीक्स-लोकपाथही नाही. मग गाइल सी लोकेलमध्ये उठतो आणि ज्याला आस्की रूप नाही त्याचं प्रश्नचिन्ह करतो.

फोल्डरचं नाव इंग्रजी करून पाच मिनिटांत सुटका झाली असती. ते मला करायचं नव्हतं. स्कॅन करणारी मुलं, काका, सगळे तो फोल्डर उघडतात. त्याचं नाव त्यांना वाचता येईल असंच राहील. गीक्समधून ग्लिबसी-लोकेल्स बसवले होतेच, क्रॉनची ओळ काढून एक लहान सिस्टिमडी युजर युनिट लिहिलं, त्यात लँग आणि गीक्स-लोकपाथ दोन्ही दिले. लॉगिनशिवाय ते उठावं म्हणून लॉगिनसीटीएलने लिंगर चालू केलं. त्याने दुसरंही एक कोडं सुटलं: एसएसएचने येऊन बाहेर पडलं की रन-युजरमधला फोल्डर पुसला जायचा, त्यातच शेफर्डचं सॉकेट, आणि हर्डला चालता शेफर्ड सापडायचा नाही.

तरी सिस्टिमडी शेफर्डला लगेच संपलेला ठरवून सगळं आवरून टाकत होता. पंधरा मिनिटं डोकं धरून बसल्यावर ओळखलं: १४ तारखेची डीमनाइझ ओळ अजून आत होती. रेडिसने शेफर्डशी केलं तेच शेफर्डने सिस्टिमडीशी केलं. ओळ काढली, शेफर्ड समोरच चालतो आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

रोजचा बॅकअप. १.० मध्ये टायमर आले आहेत, म्हणून क्रॉन नको. रात्री संगणक बंद असतो, तेव्हा दुपारची वेळ धरली. शुक्रवारी कॅलेंडर-इव्हेंटला तास तेरा एवढंच दिलं होतं. आज पाहिलं तर शनिवारच्या एका दिवसाच्या साठ बॅकअप फाइल, प्रत्येकी १८० एमबी. मिनिट दिलं नाही तर प्रत्येक मिनिट असा अर्थ होतो. १३:०० ते १३:५९ दर मिनिटाला पीजी-डंप (पोस्टग्रेसची बॅकअप घ्यायची कमांड). मिनिटं तीस असं जोडलं, ५९ फाइल पुसल्या.

रविवार, ९ फेब्रुवारी

आठवडाभर मी हात लावला नाही. गुरुवारी दोनदा वीज गेली, नव्या बॅटरीने पहिल्यांदा तारलं, दुसऱ्यांदा संगणक बंद पडला. वीज आल्यावर सगळं आपणहून उठलं. काकांनी फोन केला तो फक्त कागद संपल्याचा.

एक गोष्ट राहिली आहे. पोस्टग्रेस अचानक मरून शेफर्डने तो परत उठवला, तर त्याच्यावर अवलंबून असलेले वर्कर तसेच चालू राहतात, जुनं तुटलेलं कनेक्शन हातात धरून. काल मुद्दाम मारून पाहिलं. चारपैकी तीन वर्कर गप्प बसले होते आणि स्टेटसमध्ये हिरवे. कनेक्शन तुटलं की वर्करने स्वतःच बाहेर पडायचं, म्हणजे तयारीची तपासणी पुन्हा होऊनच तो उठेल, असा बदल अर्धा लिहून झाला आहे. शेफर्ड आपणहून उठवताना ती वन-शॉट तपासणी पुन्हा करतो की हर्ड स्टार्ट केल्यावरच, ते पुढच्या शनिवारी आधी तपासणार. नसेल करत, तर पीजी-इजरेडीची वाट वर्करच्या कमांडच्या आतच बघायला लावीन.